कापसाच्या खोलीतली गाणी

भडगाव,
११ जून २०२५, बुधवार

चि. हेमांगी,

नाही, फुटलेली नाही ती. उंदरांनी कुरतडली नाही, तुझ्या आईने तिच्यात लसूण भरून टांगली नाही, आणि मी ती भंगारवाल्यालाही दिली नाही. तू विचारलं नाही, माहीत आहे मला. लग्न होऊन धुळ्याला गेली तेव्हापासून एकदाही विचारलं नाही. म्हणून न विचारता सांगतो. तुझी युकुलेली, ती चार तारांची गिटारीची पिल्लू, होती तशी आहे.

आशीर्वाद वरती लिहायचा राहिला, तो इथे धर. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचा खोकला गेला. बियाणं आणून ठेवलंय, पाऊस आला की कपाशी टोचायची. तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

फोन सोडून हे पत्राचं काय काढलं, असं म्हणशील. फोनवर तू म्हणते, "बरी आहे आबा, जेवले का आबा," आणि लगेच फोन सासूबाईंच्या हातात. मग मी आणि त्या, धुळ्याला किती ऊन आणि भडगावला किती ऊन, तेच करत बसतो. दोन्हीकडे सारखंच ऊन आहे. त्यात बोलायचं काय? शिवाय फोनवर मला जे बोलायचं ते होत नाही. आता ते कागदावर तरी होतं का बघतो. माझं अक्षर तुला माहीत आहे. सातवीपर्यंतच गेलो, तेही मास्तरच्या भीतीने. लागलं नाही तर आमच्या जावयांकडून, नवलरावांकडून वाचून घे. त्यांनी वाचलं तर मला चालेल. त्यांनी वाचावंच.

कापूस गेला. भाव येईल भाव येईल म्हणत होळीपर्यंत ठेवला, तुझ्या लग्नानंतर गाडी बोलावली. समोरची खोली रिकामी झाली. आता तिथे शिंकलं तरी घुमतं.

त्या खोलीत मी बसतो कधी कधी. म्हणजे रोज बसतो. वाजवतो. झालं, लिहून टाकलं.

खुंट्या सैल होतात आणि तारा उतरतात, ते मला एकट्याला जमत नाही. तुझी आई सूर जुळवायचं ॲप लावून मोबाईल धरते. हिरवं दिसलं की "झालं" म्हणते. जनावराला इंजेक्शन देताना धरतात तशी तोंड फिरवून उभी असते, हसू दिसू नये म्हणून.

एका बोटाने तार दाबायची ती एकबोटी येते. दोनबोटी येते. तू त्यांना सी आणि एफ म्हणायची, मला ते ध्यानात राहत नाही. तीनबोटी मात्र छळते. माझी बोटं म्हणजे बोटं आहेत का? एवढ्याशा जागेत तीन कशी बसवायची? तू म्हणायची, "आबा, बोटं उभी करा, झोपवू नका." उभी करतो. आता मोटारसायकलवाल्या हिरोचं गाणं अर्ध्यापर्यंत जातं. पावसात भिजणाऱ्या बाईचं पूर्ण येतं. आणि ते ज्यात नुसतं ला-ला-ला आहे, ते तर झोपेतही येईल. आजकालची गाणी म्हणजे तीच ओळ चार वेळा, डोकं उठतं. पण शिकायला बरी. एकदा चुकलं तर पुढच्या वेळेला सुधारता येतं.

तू जळगावचं कॉलेज संपवून ते डबडं घेऊन घरी आली तेव्हा मी काय बोललो होतो ते मला आठवतं. तू ओट्यावर बसून टुणटुण लावली होती, आणि मी म्हटलं होतं, "बंद कर नाहीतर चुलीत घालेन." तू भांडली नाही. उचलून कापसाच्या खोलीत जाऊन बसली, ढिगाऱ्यावर. दोन-चार दिवस आवाज आला नाही म्हणून मला वाटलं सोडलं पोरीने. बघायला आलो तर तू वाजवत होती. दाराबाहेर काही ऐकू येत नव्हतं, कापूस सगळं पिऊन घेत होता.

तू म्हणाली, "बसा ना आबा."

बसलो. खाज सुटली, तरी बसलो. सबंध हिवाळा आपण दोघं खाजवत आणि वाजवत बसलो. तुझी आई म्हणायची, "कापसाला कीड लागली का माणसांना?"

तुला वाटलं असेल, आबांना गोडी लागली. लागलीच होती. पण खरं ते सांगतो. दार लावलं की बाहेर कळत नव्हतं, म्हणून लागली होती. ओट्यावर मी एक दिवस बसलो नसतो. तू मोबाईलवर आपला व्हिडिओ काढला तेव्हा मी म्हटलं होतं, तोंड घेऊ नको, फक्त हात घे. तू हसली होती. तुला तो माझा लाजरेपणा वाटला. लाजरेपणा नव्हता, भीती होती. या गावात माझ्या समोर कोणी मोठ्याने बोलत नाही. तो झुलाल आबा पोरीसारखा टुणटुण करतो, हे कोणी बोललं असतं तर मी पुढे काय बोललो असतो?

आता त्या दिवसाचं. मी टाळत होतो, तुझ्या लक्षात आलंच असेल.

नवलराव तुला बघायला आले त्या दिवशी पोहे झाले, चहा झाला. त्यांचे शिंदखेड्याचे काका, सुपडू नाना, पानाचा तोबरा भरून बसलेले. त्यांनी विचारलं, "पोरीला काय काय येतं?" आपल्याकडे तेव्हा आईने सांगायचं असतं, स्वयंपाक येतो, शिवण येतं. तू आईला बोलूच दिलं नाही. म्हणाली, "मी युकुलेली वाजवते. आबा पण वाजवतात माझ्याबरोबर. आम्ही दोघं वाजवून दाखवू?"

आणि आत जाऊन घेऊन आली. माझ्यासमोर धरली.

सुपडू नाना तर तोबऱ्यासकट हसले. "अरे वा! आबा, तुम्हीबी? मंग आते नाचशात बी का?"

सगळे हसले. नवलराव हसले नाहीत, ते मी तेव्हाच बघितलं होतं. ते उलट पुढे सरकून बसले होते, ऐकायला. ते बघूनसुद्धा मी म्हटलं, "छे. पोरीचं काय ऐकता. लहान मुलाचं खेळणं आहे ते. आमच्या घरात कोणी वाजवत-बिजवत नाही."

तू माझ्याकडे बघितलं. मी नानांना विचारलं, यंदा तुमच्याकडे कपाशी कशी आहे.

तू म्हणाली, "हो. खेळणंच आहे." आणि आत नेऊन ठेवली. परत आली ती चहाचे कप उचलायला.

तिथेच जमलं सगळं. घर चांगलं, माणसं चांगली. मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर कापसाच्या खोलीत जाऊन बसलो. तू आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, लग्न ठरलं, पोरगी कामात आहे. असं मला वाटलं नव्हतं. असं मी तुझ्या आईला सांगितलं.

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आपल्या आखाजीला, निंबाला झोका मीच बांधला, नवा दोर आणून. लग्नानंतरची पहिली आखाजी. पोरगी माहेरी येत नाही असं कधी झालंय का? गल्लीतल्या सगळ्या आल्या. गौराईची गाणी चालली. तुझा फोन आला, सासूबाईंचे गुडघे दुखतात, जमणार नाही. मी विहीणबाईंना विचारलं नाही की खरंच दुखतात का. दुपारीच झोका सोडला. गल्लीतली भिकुबाई म्हणाली, "आबा, आते पोरी कोठे झोका खेलतीन?" मी म्हटलं, फांदी कच्ची आहे. फांदी चांगली मांडीएवढी जाड आहे.

हे सगळं मी गिळलं होतं. पत्र लिहिलं नसतं. पण गेल्या रविवारी नवलरावांचा फोन आला.

म्हणाले, "आबा, एक विचारू का? हेमांगी खरंच काही वाजवायची का? तिच्या जुन्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ सापडला. आवाज तिचा आहे, आणि हात कुणा म्हाताऱ्या माणसाचे आहेत. मी तिला विचारलं, तर म्हणते, लहान मुलाचं खेळणं आहे ते. आमच्या घरात कोणी वाजवत-बिजवत नाही."

शब्द माझे होते. एक इकडचा तिकडे केला नव्हता तू.

नवलराव पुढे म्हणाले, "मला आवडेल हो तिने वाजवलेलं. पण ती उठून आत निघून गेली."

माणूस सरळ विचारत होता. आजूबाजूला कोणी नव्हतं. ना नाना, ना पाहुणे. मी फक्त "हो" म्हणायचं होतं. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "बैल सुटला, नवलराव, नंतर बोलतो," आणि फोन ठेवला. बैल आपल्याकडे चार वर्षांपासून नाहीत, हे तुलाही माहीत आहे आणि त्यांनाही.

त्या दिवशी जेवलो नाही. आईने विचारलं, पोट बिघडलं का. म्हटलं हो.

काल सकाळी मी युकुलेली घेऊन ओट्यावर बसलो. नळ यायची वेळ होती, बाया हंडे घेऊन चाललेल्या, डेअरीवाले परत येत होते. मोटारसायकलवालं लावलं. तीनबोटीला अडकलो, परत लावलं. भिकुबाई थांबली. "काय वं माय! आबा, हाई काय शे?" म्हटलं, "युकुलेली शे." म्हणाली, "मंग नीट वाजा ना, कुत्रं भुंकी राहिनं." सगळ्या हसल्या. डेअरीचा तो पोरगेला सेक्रेटरीही हसला. मग नळ आला आणि सगळ्या गेल्या.

एवढंच होतं, हेमांगी. हसले आणि गेले. पाणी भरायला गेले. मी बसूनच होतो, मला वाटलं अजून काही होईल. काही झालं नाही. आईने चहा आणून दिला.

एवढ्यासाठी मी तुला चार माणसांत खोटं पाडलं.

नवलराव, हे वाचत असाल तर ऐका. ती वाजवते. चांगली वाजवते आणि गातेही. व्हिडिओतले हात माझे आहेत. त्या दिवशी पोरगी खरं बोलली होती, खोटं मी बोललो होतो. सुपडू नानांनाही हे वाचून दाखवा, आणि त्यांना हसायचं असेल तर पोटभर हसू द्या.

युकुलेली या पत्राबरोबर पाठवतो आहे, एसटीच्या पार्सलने. गोधडीत गुंडाळली आहे. तारा सैल करून ठेवल्या आहेत, प्रवासात तुटू नयेत म्हणून. मला परत पाठवू नको. वाजवायची तर वाजव. खुंटीला टांगायची तर टांग. फक्त कुणी विचारलं तर खेळणं म्हणू नको. ते माझं बोलणं होतं, तुझं नाही.

तू कधी येशील ते मी विचारत नाही. आणि तुला ज्या एका शब्दाची वाट असेल, तो मी आजवर कुणाला म्हटलेला नाही. तो माझ्याच्याने लिहिला जात नाही. दोनदा पेन टेकवला, दोनदा उचलला. यापुढे याच्याबद्दल मला काही विचारू नको. सांगणार नाही.

झुलाल आबा