पटकथेत नसलेला शब्द

४ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून पुन्हा पत्र. आई जाऊन महिना होत आला. घर आवरतोय, म्हणजे एखादं कपाट उघडतो, बघत बसतो आणि परत लावतो.

आईच्या मागोमाग तिचा पडद्यावरचा मुलगाही गेला, हे वाचलं असशीलच. गेला आठवडाभर आमच्या वर्तमानपत्रात दुसरी बातमी नाही. त्याच सुमारास 'खोटा पंच'मधला तो घाऱ्या डोळ्यांचा खलनायक गेला. तेव्हा संपादकांनी रविवारच्या पुरवणीत तिघांवर मिळून एक पान काढायचं ठरवलं आहे. प्रत्येकाचा गाजलेला चित्रपट, त्यातला गाजलेला प्रसंग आणि आठवणी. पान माझ्याकडेच दिलं. मी घरचाच माणूस, मला सोपं जाईल, असं संपादक म्हणाले. हिरोला अर्धं पान, खलनायकाला पाव, उरलेल्या पावात आई आणि चष्म्याच्या दुकानाची जाहिरात.

आईसाठी अर्थात 'राखेतली पावलं'मधला आगीचा प्रसंग. जळत्या झोपडीतून हिरोच्या तान्ह्या पोराला घेऊन ती बाहेर येते आणि गावाकडे बघून 'थांबवा' असं ओरडते, तो. तुला गंमत सांगतो, आमच्या ऑफिसात लिफ्टचं दार बंद व्हायला लागलं की धावत येणारा माणूस आईच्या आवाजात 'थांबवा' म्हणतो. शाळेतही मुलं मला चिडवायची, पण मनातून मला ऐट वाटायची. सगळ्यांना पाठ असलेला एक शब्द माझ्या आईचा होता.

तू तिची केशभूषा करायचीस, त्या दिवशी सेटवर असशीलच. चार ओळी लिहून पाठव. महिनाअखेरीस तिघांची मिळून शोकसभाही आहे. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक, तुमचे साहेब, अध्यक्ष आहेत. नव्वदी गाठली तरी येणार म्हणाले. तिथे तो प्रसंग पडद्यावर दाखवणार आहेत.

गुडघ्याला तेल लावतेस ना? रागावणं चालू ठेव, त्यावर माझं बरं चाललं आहे.

तुझा,
ठेंगू


९ मार्च

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

दारातून वाकून आत येतोस आता, तरी स्वतःला ठेंगू लिहितोस, बरं वाटलं. पत्रात कपाटं आहेत, संपादक आहेत, लिफ्ट आहे. जेवण कुठेच नाही. जेवतोस का?

तुझा हिरो गेला, वाईट झालं असं लिहायला हवं. लिहिलं. आता पुढचं.

त्याची आई झाली तेव्हा ताई एकतीस वर्षांची होती आणि तो तिच्याहून चार वर्षांनी मोठा. रोज सकाळी मी तिच्या केसांना पांढरा रंग लावायचे आणि मग त्याच्या केसांना काळा. डबा एकच होता माझा, कप्पे दोन. हे लिहायचं तर लिही.

आणि 'उशिराची बस'बद्दल लिही. कंडक्टरचं काम केलं होतं ताईने. काय हसवलं होतं तिने. आठवडाभरात उतरला चित्रपट, पण तिला विचारलं की ती तोच सांगायची. 'राखेतली पावलं' टीव्हीवर लागला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. तू बघत बसायचास, तुझं लक्ष नसायचं.

त्या प्रसंगाबद्दल चार ओळी मागितल्यास. जास्त होतील.

त्या प्रसंगात ताईला संवाद नव्हता. पटकथेत एवढंच होतं की आई पोराला घेऊन बाहेर येते आणि मुकाट्याने कोसळते. पोर म्हणजे कापडाचं गाठोडं. आग वाढावी म्हणून मोठे पंखे लावले होते. ती दारात आली आणि वाऱ्याने ज्वाळा फिरली. आधी पदर पेटला, मग हात, मग केस. ती 'थांबवा' म्हणाली ते गावाला नाही, कॅमेऱ्यामागे बसलेल्यांना म्हणाली. मी कंगवा घेऊन बाजूला उभी होते. मीही तेच ओरडले. पुढे धावले तर कोणीतरी मला मागून धरलं, फ्रेममध्ये याल म्हणाला. शॉट पुरा झाला, ती कोसळली, मग घोंगड्या आल्या.

तिच्या हातांवरचे डाग स्टोव्हचे, असं तिनेच तुला सांगितलं होतं. स्टोव्ह बिचारा कधी भडकलाच नाही आमच्या घरात. त्यानंतर तिला लांब बाह्यांच्या झंपराशिवाय काम मिळालं नाही, आणि लांब बाह्या घालायच्या त्या आयांनी. हिरोने पुढे सिनेमावाल्यांच्या प्रत्येक खासगी पार्टीत तो किस्सा रंगवून सांगितला की म्हातारी खरीच पेटली होती, आणि आपण चहा पीत होतो, आपल्याला वाटलं काय अभिनय करते. लोक हसायचे.

साहेब इस्पितळात आले होते. पंख्यांच्या आवाजात कोणालाच काही ऐकू आलं नाही म्हणाले. एवढे मोठे पंखे, खरं असेल. आम्ही मानलं.

आता मला विचारू नकोस की आजवर का नाही सांगितलं. तिने शपथ घातली होती. ती गेली, शपथही गेली.

गुडघा आहे तिथेच आहे. आठवण काढतोस, काढत राहा.

तुझी,
मावशी


१८ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस ऑफिसला गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि लिफ्टमध्ये कोणीतरी तो शब्द म्हणालं. मी जिन्याने चढलो.

मग लिहिलं. तू सांगितलंस तसं, एकही विशेषण न घालता. संवाद नव्हता, ती मदत मागत होती, कोणी दिली नाही. शेवटी लिहिलं की हा प्रसंग पुन्हा बघू नका. संपादकांनी वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, माणूस चांगला आहे.

पुरवणी सोबत पाठवतो आहे. नाही पाठवली तरी कोणीतरी दाखवेलच. मथळा माझा नाही. 'ती किंकाळी खरी होती' हा त्यांचा, आणि खाली 'अभिनयासाठी अंगाची होळी करणारी आई' हाही. शेवटचं वाक्य जागेअभावी कापलं. बसचा चित्रपट गेला, तुझे दोन कप्पे गेले. चष्म्याची जाहिरात आहे. पानाच्या मधोमध आगीतला फोटो, एरवी हिरोला दिला असता तेवढा मोठा.

आमच्या वेबसाइटवर तो प्रसंग टाकला आहे. लाखो लोक बघताहेत. खरी आग म्हटल्यावर पूर्वी ज्यांनी बघितला होता तेही परत बघताहेत, थांबवून थांबवून, नेमका कुठे पदर पेटतो ते. खाली लिहितात की अशी निष्ठा आता राहिली नाही, आजच्या पोरींनी शिकावं. तिच्या नावाने पुरस्कार सुरू करा म्हणतात. साहेबांना कोणीतरी विचारलं तर ते म्हणाले की ती भूमिका जगत होती, तिने शॉट सोडला नाही.

मी तिची बाजू मांडायला गेलो आणि तिलाच पुन्हा आगीत उभी करून आलो. संपादक खूश आहेत. मला बढती देऊ म्हणाले.

शोकसभेच्या लोकांना भेटलो आणि तो प्रसंग दाखवू नका म्हणून सांगितलं. त्यांनी मान्य केलं. तरी तू येऊ नकोस. प्रवास लांबचा आहे आणि ऐकण्यासारखं तिथे काही नसेल.

जमलं तर माझ्यावरचा जीव पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ठेंगू


२२ मार्च

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

पुरवणी तू पाठवण्याआधीच शेजारणीने आणून दिली. मला वाकून नमस्कार केला तिने. मी विचारलं, हे कशाबद्दल, तर तुमच्या बहिणीने कलेसाठी देह झिजवला म्हणाली. मी म्हटलं, बाई, झिजवला नाही, जाळला, आणि तिने नाही. तिला वाटलं मी रडवेली झाले म्हणून असं बोलते आहे. पाणी आणून दिलं.

तुझी चूक नाही. तू सरळ लिहिलंस, त्यांनी त्याचा हार केला. हार केला की माणसाला गळ्यात घालून मिरवता येतं.

आणि सभेला मी येणार. ऐकण्यासारखं नसेल तर तोट्याचा प्रश्नच नाही, मला तसंही ऐकू येत नाही. शेजारणीची मुलगी सोबत येते आहे. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवायला सांग. स्टेजवर बसवू नकोस, मला पाय लांब करून बसावं लागतं.

बढती घेऊ नकोस. घ्यायचीच असेल तर मला सांगू नकोस. बाकी तू माझा आहेस तो आहेसच.

तुझी,
मावशी


३० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू मला न भेटताच निघून गेलीस. स्टेशनवर आलो तोवर गाडी सुटली होती. नीट पोचलीस ना?

तुला माझा राग आला असेल. त्यांनी मला शब्द दिला होता आणि मी तो खरा मानून स्टेजवर साहेबांच्या शेजारी बसलो होतो. हिरोची गाणी संपली, खलनायकाचं विकट हास्य झालं, दिवे लागतील म्हणून मी पाणी प्यायला वाकलो, तेवढ्यात पडद्यावर आग दिसली. लोकांचा आग्रह होता, असं नंतर मला सांगण्यात आलं.

पुढच्या रांगेतून तुला मागचं दिसलं नसेल, म्हणून लिहितो. तू काठी टेकून उभी राहिलीस आणि ओरडलीस. पडद्यावर आई त्याच वेळी तेच ओरडली. दोघी एकदम. मागचे लोक क्षणभर चमकले. मग कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि सगळं सभागृह वाजवू लागलं. त्यांना वाटलं, बहिणीने मानवंदना दिली. तू पुन्हा ओरडलीस तर शिट्टीही आली. फोन वर झाले, तुझं चित्रण करायला.

मी स्टेजवरून उडी मारली. यंत्रावर बसलेल्या माणसाला बंद कर म्हटलं, तर तो विचारू लागला की कोणी सांगितलं. मी वायर उपटली. पडदा निळा झाला. सूत्रसंचालकाने तांत्रिक अडचणीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि बाहेर चहाची सोय असल्याचं सांगितलं. मी वळलो तर तुझी खुर्ची रिकामी होती.

आता यापुढचं लिहावं की नाही, हे ठरत नव्हतं. लिहितो.

लोक चहाला गेल्यावर साहेबांनी मला खुणेने बोलावलं. गाडीपर्यंत सोड म्हणाले. पायऱ्या उतरताना ते हसून म्हणाले की तुझ्या मावशीला तेव्हाही मध्ये ओरडायची सवय होती, तेव्हाही दोघी अशाच एकदम ओरडल्या होत्या. मी थांबलो. मी विचारलं की पंखे चालू होते ना, कोणालाच ऐकू आलं नव्हतं ना. ते म्हणाले, पंखे होते, पण त्यांची खुर्ची कॅमेऱ्याला लागून होती, त्यांना दोघींचंही नीट ऐकू आलं. कट म्हणायला त्यांनी हात वर केला होता. मग त्यांना आईचा चेहरा दिसला. असा चेहरा पुन्हा मिळत नाही, म्हणून हात खाली घेतला. रस्ता विचारणाऱ्याला वळण समजावून सांगावं, तसं सांगितलं त्यांनी. लाज नाही, फुशारकीही नाही.

माझ्या तोंडात किती शब्द आले होते. तेवढ्यात शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला आणि मी त्यांचा दंड धरला. गाडीत बसवलं, पाय उचलून आत ठेवले आणि दार लावलं. काच खाली करून त्यांनी माझे आभार मानले. मावशी, मी मान हलवली. त्या माणसाला मी मान हलवून निरोप दिला.

वर्तमानपत्राची नोकरी सोडली आहे. त्याने काही होत नाही, हे मला कळतं.

रागाने का होईना, दोन ओळी लिही.

तुझा,
ठेंगू


४ एप्रिल

चि. ठेंगूस,
अनेक आशीर्वाद.

पोचले. तुझ्यावर राग नव्हता. टाळ्या मला ऐकू आल्या नाहीत, हात हलताना दिसले. तिथे बसवेना, म्हणून उठले.

पंख्यांचं कळलं. पत्र वाचून मी सुपारी कातरायला घेतली आणि बरीच जास्त कातरली. आता घरात खायला कोणी नाही.

इस्पितळात ताईचे जळलेले केस मीच कापले. कापताना तिने एकदाच विचारलं की त्यांना ऐकू गेलं होतं का. मी म्हटलं, नाही गं, पंखे होते. मग कोणाचा दोष नाही म्हणाली आणि झोपली. त्या माझ्या वाक्यावर तिने साहेबांचे पुढचे तीन चित्रपट केले. त्यांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढलं. मी शेजारी उभी राहून पाणी वाढलं. तुझं हे पत्र ती असताना आलं नाही, एवढंच त्यातल्या त्यात बरं.

नोकरी सोडलीस तर इकडे ये. खोली आहे. कामाचं पुढे बघू.

आणि त्यांना गाडीत बसवलंस, ते मनाला लावून घेऊ नकोस. ताई असती तर तिनेही बसवलं असतं, वर पाय सांभाळून घ्या म्हणाली असती. तू तिच्यावर गेला आहेस.

मी नसतं बसवलं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
मावशी