खुरसाजवळचं वळण

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. संध्याकाळ.

ती चप्पल काही डोळ्यांपुढून जात नाही.

शाळा सुटल्यावर नवऱ्याच्या, सायमनच्या, मासळीच्या टेम्पोतून घरी येत होते. वळणावरच्या खुरसापाशी, म्हणजे क्रूसापाशी, सायमन रोज गाडी हळू करतो आणि कपाळाला, छातीला हात लावतो. आज मासळीवरचा बर्फ वितळत होता, त्याला घाई होती. हात लावला, पण वेग कमी केलाच नाही. आणि पुढ्यात म्हातारी!

ब्रेक दाबला तरी टेम्पो फरफटत पुढेच गेला. म्हातारी कशीबशी मागे सरली, पण एक चप्पल रस्त्यातच राहिली. थांबलो तेव्हा ती चप्पल आमच्या कितीतरी मागे पडली होती, चेपलेली. म्हातारी कडेला उभी राहून एवढंच म्हणत होती, "माजा चप्पल खंय गेला गो?"

वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, थांबायला अंतरही चौपट, हे मीच नववीला शिकवते. फळ्यावर किती सोपं वाटतं! आज ते अंतर डोळ्यांनी बघितलं. त्यात ती चप्पल होती. म्हातारीही असती.

सायमन आता निवांत जेवतोय. "खुरसान वाचवल्यान गो आमका!" म्हणतो. मी म्हटलं, "अरे, रोज वाचतो ते तू तिथे हळू करतोस म्हणून." तो नुसता हसला.

त्याची भीती गेली, याचीच मला जास्त भीती वाटतेय. उद्या त्या वळणावर त्याचा हात कपाळाला जाईल. पाय ब्रेकवर जाईल का?