माइक चालूच राहिला

अट्रॅक्टाबाईंना,

त्या रविवारी फेसबुकवर थेट दाखवलेली मिस्सा-प्रार्थना संपल्यावर मी कॅमेरा बंद केला; कॉलरवरचा माइक चालूच राहिला. मग तुम्ही माझ्यापाशी येऊन केलेलं पापनिवेदन तसंच फेसबुकवर बाहेर गेलं. ते मी तासाभरात काढून टाकलं. तोवर एकीनंच ऐकलं होतं, बॉस्टनमधल्या तुमच्या बहिणीनं. तिनं लिहिलं, "फादर, माझा फोन ती उचलत नाही. तुम्हीच सांगा, मी माफ केलंय."

पापनिवेदनात ऐकलेला विषय चर्चच्या नियमानं मला नंतर तुमच्यापाशीही काढता येत नाही. म्हणून हे पत्रही टाकता येणार नाही. तुम्ही पुन्हा पापनिवेदनाला आलात, तरच बोलता येईल. तीन शनिवार, पापनिवेदनाच्या वेळेला, दाराकडे बघत बसलो.

आज टपाल कार्यालयात तुम्ही म्हणालात, "आता कशाला येऊ, फादर? एकच पाप होतं, तेही तुमच्या पदरात टाकलं!" आणि हसलात.

मीही हसलो.

फादर कोल्मन