मापाच्या वहीतलं पान

प्रिय ठेंगू,

तू वाचनालयात स्टुलावरून पडलीस, मनगटाला प्लास्टर घातलंय, हे कळलं तेव्हा काळजानं ठाव सोडला हे खरं. पण त्याच्या मागोमाग काय वाटलं तेही सांगते, कारण आज खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. मला हेवा वाटला. प्लास्टरचा! तुझ्या वाचनालयातल्या बायका फळं घेऊन येताहेत, शेजारीपाजारी जिने चढून चौकशीला येताहेत, तुझे घड्याळवाले आपलं दुकान बंद ठेवून तुझ्या उशाशी बसलेत. मागं माझ्या बोटातून मशीनची सुई आरपार गेली, तेव्हा तुझ्या भाऊजींनी काय विचारलं होतं आठवतंय? कापडाला रक्त तर नाही ना लागलं! आता मी जळू नको तर काय करू.

हसलीस ना? हसून घे. पुढं हसण्यासारखं फारसं नाही.

हे आजचं नाही गं. मला आखूड झालेले फ्रॉक आई तुझ्या मापाचे करून तुला घालायची आणि ते तुला माझ्यापेक्षा छान दिसायचे. लोक म्हणायचे, धाकटीला काय खुलून दिसतो हा रंग! रंग माझा, फ्रॉक माझा, कौतुक तुझं. मी शिवण शिकले त्यामागं ही ठसठस होती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मग पस्तिशी उलटली आणि देवानं एकदाचा न्याय केला. आपण दोघी सारख्याच सुटलो. उंचीत तू दोन बोटं कमी, बाकी कंबर, छाती, दंड, सगळं एक. दुकानात पुतळा घ्यायची मला गरजच पडली नाही. तुझा कपडा शिवायचा, स्वतःच्या अंगावर चढवून आरशात बघायचा आणि तुला देऊन टाकायचा. मला बसला म्हणजे तुला बसला. ती वर्षं माझी फार सुखाची गेली.

मग गेल्या वर्षी दोघींचीही साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी आपल्याला आहार सांगणाऱ्या त्या चष्मेवालीकडे पाठवलं. तिनं तासभर समजावलं. दिवसाला पंधराशे कॅलरी, त्याहून कमी नको. पण नुसता आकडा पाळून भागणार नाही, तो कशानं भरताय ते बघा. अर्धं ताट भाजी, प्रत्येक जेवणाला डाळ, अंडं, दही, मासा यांतलं काहीतरी हवंच. आणि वजनकाट्यावर रोज चढउतार करू नका, पंधरा दिवसांनी कमरेचं माप घ्या, चौतीस झालं की थांबा आणि परत मला भेटा. तू सगळं टिपून घेतलंस. मी फक्त आकडा घेतला.

कारण आकडा मला जमतो, बाई. आयुष्य इंच मोजण्यात गेलं. दोन बिस्किटं इतक्या, टोस्टला जॅम इतक्या, चिप्सचं छोटं पाकीट इतक्या, दिवसाअखेर बेरीज बरोब्बर. तू पंधराशेवर म्हणून मी बाराशेवर, आणि पुढं हजारावर. तुझ्यावर कडी करायची होती ना! तुझं भरलेलं ताट बघून मला वाटायचं, ही काय कमी होणार, ही तर जेवतेय. आणि तू झालीस. दर पंधरा दिवसांनी अर्धा इंच, नाकावर टिच्चून. इकडं माझ्या कंगव्यात केसांचे पुंजके, सुईत दोरा ओवताना हात लटलट कापायचा, आणि संध्याकाळ झाली की बटणांच्या डब्यात लपवलेल्या टॉफ्यांवर धाड. त्या मी मोजायची नाही. बटणांच्या डब्यातलं कोण मोजतं? दुकानात कोट शिवायला टाकलेली ती कोटवाली बाई यायची आणि माझ्याकडं न बघता विचारायची, तुमच्या बहिणीनं काय केलं हो, चेहरा कसा तजेलदार झालाय. तुझे भाऊजी तर जेवताना म्हणाले, धाकटी दहा वर्षांनी लहान दिसायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता त्या निळ्या ड्रेसचं सांगते. वाचनालयाच्या समारंभासाठी तू मोठ्या हौसेनं कापड आणलंस. तुझी कंबर तेव्हा छत्तीस भरली होती, त्या मापानं मी तो बेतला. शिवून झाला आणि सवयीनं अंगावर चढवला. पाठीची चेन अर्ध्यावर येऊन अडकली. मी श्वास आत ओढला, पोट आत घेतलं, खुंटीला टेकून जोर लावला, पण ती वर सरकेना. दुपारची वेळ होती, दुकानाचं दार लोटलेलं होतं, आणि मी अर्ध्या उघड्या पाठीनं आरशासमोर उभी होते. तू आता माझ्या मापाची राहिली नव्हतीस. फ्रॉकच्या वेळचं सगळं परत आलं. हजार कॅलरींवर उपाशी राहून मी तिथंच, आणि तू पोटभर जेवून पुढं गेलीस. त्या दिवशी मला तू इतकी डोळ्यांत खुपलीस की काय सांगू.

त्यानंतरच्या रविवारी तू मागच्या खोलीत नेहमीसारखी हात वर करून उभी राहिलीस, डोळे घट्ट मिटून. आकडा तू सांग ताई, मला बघायची भीती वाटते, हे तुझं नेहमीचं. टेप साडेपस्तीस दाखवत होती. मी साडेछत्तीस म्हणाले.

किती सोपं होतं ते! तू डोळे उघडलेस, हिरमुसलीस, आणि मला बरं वाटलं. पुढच्या खेपेला म्हणाले, तसूभरही हललेलं नाही. त्याच्या पुढं सदतीस. मग तू म्हणालीस, पण स्कर्ट तर सैल होतोय गं. मी म्हणाले, इलास्टिक गेलं असेल, ठेव इथं, बदलून देते. आणि कमरेत दोन इंच आत घेऊन दिला. तू घालून बघितलास, घट्ट बसला, आणि तुला माझं पटलं. बारीक झालीस म्हणून वाचनालयातल्या बायका सांगत होत्या, तुझे घड्याळवालेही सांगत होते. तू सगळ्यांना उडवून लावलंस. म्हणायचीस, तुम्ही आपलं मन राखायला बोलता, माझ्या ताईची टेप खोटं बोलत नाही.

मग तू ताटातलं एकेक कमी करत गेलीस. आधी मासा, मग दही, मग डाळ. एक दिवस मला विचारलंस, ताई, तू हजारावर राहतेस ना, मीही नऊशेवर येऊन बघू का? मला माहीत होतं नऊशेवर काय होतं. माझा कंगवा रोज सांगत होता. आणि मी काय म्हणाले? बघ बाई, तुझं तू. काकडी आणि काळा चहा यांवर तू दिवस काढायला लागलीस आणि मी टेप गुंडाळून ठेवत राहिले. म्हणून तुला वरच्या फळीवरचं पुस्तक काढताना घेरी आली, ठेंगू. तुझे डॉक्टर म्हणाले, रक्त कमी झालंय, अंगातलं बळ गेलंय, ही जेवत का नाही? घरात कुणालाच उत्तर देता आलं नाही. ज्या एकीला येत होतं ती कोपऱ्यात तुझी चप्पल हातात धरून उभी होती.

तू पडल्यापासून मी चष्मेवालीचा कागद काढून भिंतीला लावलाय. सकाळी अंडी, दुपारी वाटीभर डाळ, भाजी, दही. पंधराशे मोजते, पण आता ताट बघून मोजते. टॉफ्या कोटवालीच्या नातवाला दिल्या. आठच दिवसांत हाताचा कंप थांबलाय, दोरा पहिल्या खेपेला ओवला जातो. हे तुझंच होतं, तूच आधी बरोबर करत होतीस, आणि ते मी तुझ्याकडून काढून घेतलं.

काल तुझ्या घड्याळवाल्यांचा फोन आला. रडवेले झाले होते. म्हणाले, दोन घास खाते आणि ताट सारते. म्हणते, ताईनं सदतीस सांगितलंय, आता नुसतं पडून अडतीस होतील. तुम्हाला निरोप दिलाय, रविवारी टेप घेऊन या म्हणून. तिला फोन द्या, असं मी म्हटलं नाही. बोलले असते तर तू मध्येच म्हणाली असतीस, जाऊ दे गं ताई, आणि मी खरंच जाऊ दिलं असतं. म्हणून हे पत्र. सोबत माझ्या मापाच्या वहीतलं पान फाडून ठेवलं आहे. तोंडानं मी तुला पाचही वेळा खोटं सांगितलं, पण वहीत खोटं माप लिहायला हात धजला नाही. सवय म्हण, धंद्याचं भय म्हण. तारखा बघ. चौतीस तू महिन्यापूर्वीच गाठलं होतंस. तिथंच थांबायचं होतं. शेवटची ओळ साडेबत्तीसची आहे. तेव्हापासून माझ्याकडंच ठेवलेला तुझा निळा ड्रेस चौतीसवर आणून पाठवते आहे, लागलं तर उसवायला शिवणीत दोन इंच माया सोडली आहे. टेपही पाठवते आहे. यापुढं माप तू स्वतः घे, डोळे उघडे ठेवून. रविवारी मी यायचं की नाही ते तू ठरव. तोंड बघायचं नसेल तर तसं कळव, मी काही म्हणणार नाही. पण ते ठरवायच्या आधी, ठेंगू, हे पत्र बाजूला ठेव आणि जेव.

तुझीच,
अजूनही थोडी जळणारी
ताई