साडेतीन सेंटिमीटर

प्रिय वहिनी,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मला रडू फुटलं की मुद्दा राहूनच जातो, म्हणून. काल दादाने सगळं सांगितलं. तुला तेरावा आठवडा लागलाय, शिवणवर्ग बंद केलास, पलंगावरून उतरायचं नाव नाही, आणि सोनोग्राफीला साफ नकार. मागच्या वेळी मशीनने सगळं उत्तम सांगितलं होतं, त्याचा काय उपयोग झाला, असं तू त्याला विचारलंस म्हणे. त्याचं उत्तर माझ्याकडे आहे.

आधी कामाचं. गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजतात. सहाव्या महिन्याच्या आत ती अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी भरली, तर बाळ वेळेआधी येण्याची भीती वाढते. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे बाईला पत्ताच नसतो. हे माप आतून तपासून घ्यायचं, आणि तेही लघवीला जाऊन आल्यावर. लांबी कमी निघाली तर रोज आतून ठेवायचं औषध असतं. तुझ्यासारखीला, जिचं बाळ आधी लवकर आलंय, पिशवीच्या तोंडाला टाकाही घालतात. टाक्याचं मी तुला काय सांगावं, आयुष्यभर तेच शिकवत आलीस! सगळीच बाळं त्याने वाचतात असं नाही, पण बरीच वाचतात. तुझं माप सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी व्हायला हवं. नुसतं पडून राहिल्याने पाठ तेवढी धरेल. डॉक्टरांना विचार आणि वर्ग सुरू कर.

आता मागच्या वेळचा तो दिवस. पाचव्या महिन्याची तपासणी तू हट्टाने माझ्याकडेच करून घेतलीस. घरची मशीनवाली असताना परक्यांकडे कशाला, असा तुझा तोरा. बाहेर बाकावर चौदा जणी ताटकळत होत्या. कोणीतरी सांगितलं म्हणून तू दोन बाटल्या पाणी पिऊन आली होतीस आणि टेबलावर चढताच म्हणालीस की मला हसवू नकोस, नाहीतर तुझी गादी भिजेल. मग काय, आपण दोघी हसतच सुटलो. दादा तुझ्या डोक्याशी उभा होता. मी बाळाची टाच दाखवली, तर त्याने मान वळवून डोळे पुसले. शेवटी पोटावरूनच पिशवीचं तोंड मोजलं आणि साडेतीन सेंटिमीटर लिहून मोकळी झाले.

त्यानंतर चार आठवड्यांनीच तुझी लेक आली. काचेच्या पेटीत दोन दिवस राहिली आणि गेली. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली की हिला स्टुलावर चढून पडदे काढायला कोणी सांगितलं होतं? तेव्हापासून तू ते वाक्य अंगाला लावून घेतलंयस. घरात वरच्या फळीवरचं काही काढायचं झालं की तू दादाची वाट बघतेस, हे तुमच्याकडे आले की मला दिसतं.

वहिनी, मूत्राशय तुडुंब भरलेलं असलं की ते पिशवीच्या तोंडावर दाबतं आणि तोंड आहे त्यापेक्षा लांब दिसतं. हे आम्हाला शिकताना पहिल्याच महिन्यात सांगतात. मला माहीत होतं. तुला लघवीला पाठवून आतून बघायला हवं होतं. बाकावरच्या कुठल्याही परक्या बाईचं मी तसंच केलं असतं. पण तू माझी वहिनी, शेजारी सख्खा भाऊ उभा, त्याला बाहेर जा कसं म्हणू, तुला कसं सांगू, या संकोचापायी मी टाळलं. बाळ गेलं त्या संध्याकाळी मी ती चित्रं पुन्हा काढून बघितली. मूत्राशयाचा काळा फुगा अर्धी चौकट व्यापून होता. ते साडेतीन खरं नव्हतं. मी नीट मोजलं असतं तर ती वाचलीच असती, असं कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. पण तुला एक संधी होती, ती माझ्यामुळे गेली. आणि तीन वर्षं मी तोंड शिवून बसले, याची मला लाज वाटते.

मशीन खोटं बोललं नव्हतं, मी चुकीचं मोजलं होतं. एवढं तुला कळलं तर तू तपासणीला जाशील, म्हणून हे लिहिलं. सोळाव्या आठवड्यातली वेळ माझ्या वरिष्ठ बाईंकडे घेतलीय, कागद सोबत जोडलाय. मी त्या दिवशी रजेवर असेन. माझ्याशी बोलू नकोस, कितीही दिवस, पण जा. काल दादाचा फोन ठेवला आणि आईच्या खोलीत जाऊन तिला सगळं सांगितलं. ती रात्री जेवली नाही. आज सकाळी तिने तुझा नंबर मागून घेतला. माफी मागायची तिला सवय नाही, शब्द सापडायला वेळ लागेल. तिचं पूर्ण होईपर्यंत फोन ठेवू नकोस.

तुझीच,
नणंद