जास्तीची एक खुर्ची

मी, खाली सही करणारा, वय अडुसष्ट, धंदा कोच-खुर्च्यांना गाद्या आणि कापड बसवण्याचा, माझ्यामागे कोणाचे काय हे स्वतःच्या हाताने, कोणाचा दबाव नसताना आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. ‘पूर्ण शुद्धीत’ हे शब्द वकीलबाईंच्या नमुन्यात छापलेलेच होते. पण माझ्या बाबतीत नुसते छापून भागत नाही, म्हणून हाताने पुन्हा लिहिले. आज दारू सोडल्याला अठरा वर्षे दोन महिने झाले. नावानिशी प्रत वकीलबाईंच्या कपाटात राहील. ही प्रत दारू सोडणाऱ्यांच्या गुरुवारच्या बैठकीत वाचण्यासाठी, आणि तिथे आम्ही कोणाला आडनाव विचारत नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या पत्नीची. तिने मला तीनदा घराबाहेर काढले आणि तीनदा परत घेतले. काढले ते योग्यच केले. परत का घेतले ते अजून सांगत नाही. विचारले की म्हणते, “भाजी निवडून होईपर्यंत तरी गप्प बसा.”

कलम २. दुकान, हातोड्या, वाकड्या सुया आणि मोठी कात्री मुलीला. ती माझ्यापेक्षा सरळ टाका घालते. हे तिला तोंडावर सांगायचे राहून गेले, म्हणून इथे लिहिले. शेजारच्या चष्मेवाल्याला कात्री कधीही उसनी देऊ नये. त्याने त्या कात्रीने पुठ्ठा कापून धार घालवली होती. माणूस सज्जन आहे, पण मी ते विसरलेलो नाही.

कलम ३. निळ्या दोऱ्याने अर्धवट भरलेला एक रुमाल भरतकाम शिकवणाऱ्या बाईंना द्यावा. त्यामागची हकिकत बैठकीतल्या नव्या लोकांना ठाऊक नाही. दारू सोडायची म्हणून मी एका नंबरवर फोन केला. पलीकडून बैठक चालवणाऱ्या नर्सबाईंनी सांगितले, “गुरुवारी सहा वाजता या. दुसरा मजला, जिन्यावरून उजवीकडे.” मी गेलो डावीकडे. आत सात-आठ बायका गोल बसून रुमाल भरत होत्या. दुसरा कोणी असता तर उलट्या पावली फिरला असता. पण माझा जन्म सुईदोऱ्यात गेलेला. मला वाटले, दारू सुटताना हात थरथरतात, म्हणून इथे हाताला काम देत असतील. वा, काय छान सोय! बसलो. त्यांनी काही विचारले नाही, मीही शरमेने काही बोललो नाही. असे दोन गुरुवार गेले. सुईत दोरा ओवायला मला पाव तास लागायचा आणि शेजारची आजी न बोलता ओवून द्यायची.

तिसऱ्या गुरुवारी मी धीर करून उभा राहिलो आणि म्हणालो, “मी दारुडा आहे. आज अकरा दिवस झाले, घेतली नाही.” मग त्या आजीने टाळी वाजवली, तिच्यामागून सगळ्यांनी. शिकवणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, “अहो, फार चांगलं केलंत. पण ते समोरच्या खोलीत असतं.” त्यांनी स्वतः मला दारापर्यंत नेले. नर्सबाईंनी दार उघडले आणि एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवले. “फोन केला होतात ना? तीन गुरुवार मांडतोय तुमची. बसा.”

कलम ४. बैठकीच्या चौदा खुर्च्यांना मी नव्या गाद्या बसवल्या, त्या बैठकीच्याच. खोलीची किल्ली नर्सबाईंकडे. खुर्च्या मांडताना माणसे मोजावीत आणि एक जास्त मांडावी. कोणी हसले तर हसू द्यावे. फोन करून न आलेला माणूस कदाचित समोरच्या खोलीत रुमाल भरत असेल. अधूनमधून डोकावून यावे.

कलम ५. वडिलांचे पायाने चालवायचे शिलाई यंत्र माझ्या धाकट्या भावाला. वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा तो सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला होता, “दादाची सही कसली घेता? तो शुद्धीत असतो कधी?” मी त्याच्याशी बोलणे टाकले. ते खरे होते, म्हणूनच जास्त झोंबले. मीही उट्टे काढले: यंत्र त्याला हवे होते, ते मी मुद्दाम उचलून आणले. दारू सुटल्यावर त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. तो “बरं” म्हणाला आणि त्याने दार लावून घेतले. त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. पण ते वाक्य मी आजवर मनात बाळगून आहे.

(कलम ५ रद्द. खुलासा माझ्या हातचा: यंत्र मिळणार हे ऐकायला धाकट्याला आज इथे बैठकीत बोलावले होते. तो आला, माझ्याकडे न बघता कोपऱ्यात बसला. मृत्युपत्राचा ठरलेला दुसरा साक्षीदार तापामुळे आला नाही. बैठकीतले बाकीचे कागदावर नाव देत नाहीत, म्हणून वकीलबाई म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी बघू. धाकटा उठला. “मी करतो सही.” वकीलबाईंनी बजावले, “साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केलीत तर यंत्र गेलं.” तो म्हणाला, “जाऊ दे. पोरीला द्या. दादा, तेव्हा चारचौघांत बोललो होतो, आता चारचौघांतच लिहितो.” मला रडू आले. कोणी लपवायला सांगितले नाही.)

यंत्र मुलीला. माझी काही तक्रार उरलेली नाही, चष्मेवाला सोडून.

ठिकाण: बैठकीची खोली, दुसरा मजला, जिन्यावरून उजवीकडे
दिनांक: १४ नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळी साडेसहा

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही) नर्सबाई. यांनी आमच्यासमोर सही केली. हात थरथरला नाही.

साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ. दादा पूर्ण शुद्धीत आहे. मी समोर बसून पाहिले. बसायला एक खुर्ची जास्त होती.