नव्या मालकाकडची डागणी

एल्को, रविवार

प्रिय आई,

मी ठीक आहे, पोटभर जेवतोय. अक्षर वाकडं आहे, त्याकडे बघू नकोस. बाबांचा खांदा कसा आहे? तांबडी व्यायली का?

काल इथे कुरणावर वासरांना तापल्या लोखंडाने खुणेचे डाग दिले. डागणी कसली, तमाशा नुसता! दरवर्षी मदतीला येणाऱ्या शेजाऱ्यांना नव्या मालकाने बोलावलंच नाही. शहरातले दोस्त आणले, कोऱ्या टोप्या घातलेले. त्यातल्या एकाने मागच्या पायांऐवजी वासराच्या गळ्यातच फास टाकला, दोर खोगिराच्या मुठीला गुंडाळला आणि घोड्यावर हसत बसला. वासराची जीभ बाहेर आली.

आमचा म्हातारा गडी व्हर्जिल ओरडला, "अरे गाढवा, दोर सोड! मरेल ते!"

"थांबा हो आजोबा, फोटो काढतायत," म्हणतो कसा!

किळस आली मला. त्याला शिव्या घालत मीच दोर सोडवायला धावलो. वासरू वाचलं, आई. पण तेवढ्यात घोडा बुजला, दोर आवळला आणि खोगिराच्या मुठीशी सापडून माझा उजवा अंगठा गेला. म्हणून हे डाव्या हाताने लिहितोय. दुखत नाही फारसं.

दवाखान्यातून आलो तर मालक म्हणतो, "पाहुण्याला शिव्या दिल्यास, आधी माफी माग." त्याच्या पायरीवर थुंकलो आणि सामान बांधलं.

शुक्रवारच्या बसने येतोय. यंदा आपल्याकडच्या डागणीत फास मी टाकायचा, असं बाबांनी ठरवलंय ना? त्यांना म्हणावं, ते काम ताईला द्या. मी खाली वासरं धरीन. त्याला चार बोटं पुरतात.

तुझाच,
क्लेल